हिरवी शेंग आणि पिकलेलं बी : थंड मुलखात सोयाबीन कसं पोचलं



मागच्या व्याख्यानात आपण बटाटा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून युरोपात कसा आला ते पाहिलं. आज सोयाबीन घेऊ. पण सोयाबीन म्हटलं की आपल्याकडे जे डोळ्यांसमोर येतं, ते जरा बाजूला ठेवावं लागेल. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन म्हणजे वाळलेलं पीक, मळणीयंत्र, बाजार समितीत लागलेली पोती आणि पुढे तेल नि पेंड. आजचं आपलं सोयाबीन हिरवं आहे. शेंगा टच्च भरल्या आहेत पण पिवळ्या पडलेल्या नाहीत, अशा वेळी तोडायच्या, मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आणि शेंग दाबून दाणे तोंडात टाकायचे. जपानी लोक याला 'एदामामे' म्हणतात. 'एदा' म्हणजे फांदी, 'मामे' म्हणजे दाणे. फांदीसकट विकले जाणारे दाणे, म्हणून हे नाव. चीनमध्ये याच हिरव्या शेंगेला 'माओदोउ', म्हणजे लवदार शेंग, असं म्हणतात.

मुळात हे झाड पूर्व आशियातलं, ऊब मागणारं. ते ऑस्ट्रिया, स्वीडन अशा थंड मुलखांत नेण्याचे प्रयत्न गेली दीडशे वर्षं चालू आहेत. ते इतकी वर्षं का रखडले आणि शेवटी कशामुळे जमलं, हा आजचा विषय. त्यामागे एक प्रश्न आहे, तो आत्ताच मांडून ठेवतो. एखादं पीक परक्या मुलखात 'रुजलं' असं केव्हा म्हणायचं? ते तिथे उगवलं की? लोक ते खायला लागले की? की त्याचं बी तिथल्या तिथे पिकलं की? हे तीन वेगळे टप्पे आहेत. सोयाबीनच्या इतिहासात तर ते एकमेकांच्या आड येतात.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. ज्वारीचं कणीस कोवळं असताना भाजलं की तो हुरडा; वाळली की ज्वारी. ओला तो मटार, वाळलेला तो वाटाणा. हरभऱ्याचा हिरवा दाणा म्हणजे सोलाणा, आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात विदर्भात कोणाला सांगायला नको. झाड एकच, पण अवस्था बदलली की नाव बदलतं, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकही बदलतो. शेतीशास्त्राच्या पुस्तकात मात्र एकच 'परिपक्वता' असते: दाणा कडक झाला, पीक काढणीला आलं. ॲरिस्टॉटलनेही असंच काहीसं मानलं होतं. प्रत्येक वस्तूची एक पूर्णावस्था असते आणि अलीकडचं सगळं त्या दिशेने चाललेली वाटचाल. हुरडा खाणारा माणूस हे मानणार नाही. त्याच्या लेखी हुरडा म्हणजे अर्धवट ज्वारी नव्हे. हुरडा स्वतःच्या जागी पूर्णच आहे.

जपानी माणसाचंही असंच आहे. १२७५ साली निचिरेन या बौद्ध आचार्याने एका अनुयायाला लिहिलेल्या पत्रात भेट मिळालेल्या एदामामेबद्दल आभार मानले आहेत. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी हिरव्या शेंगेला तिचं स्वतःचं नाव होतं आणि ती भेट देण्याजोगी वस्तू होती. हे लक्षात ठेवा, कारण युरोपने सोयाबीन उचललं तेव्हा ही बाजू त्याच्या लक्षातच आली नाही.

१८७३ साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं. जपान, चीन आणि इतर देशांच्या दालनांत सोयाबीनचे नमुने मांडले होते. तिथल्या कृषी विद्यापीठातले प्राध्यापक फ्रीडरिख हाबरलांट यांनी त्यातले वीसेक वाण मिळवले आणि १८७५ मध्ये पेरून पाहिले. व्हिएन्नाच्या उन्हाळ्यात त्यांतले चारच वाण पूर्ण पिकले. हाबरलांट नाउमेद झाले नाहीत. त्या चारांचं बी वाढवून त्यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात ठिकठिकाणी वाटलं. १८७७ पर्यंत शंभराहून अधिक लोक आपापल्या शेतात ते पेरून निकाल कळवत होते. एवढी मोठी चाचणी टपालावर चालली होती! १८७८ साली हे सगळे निकाल 'सोयाबीन' याच नावाच्या जर्मन ग्रंथात छापले गेले, आणि त्याच वर्षी हाबरलांट वारले. त्यांच्यामागे तो उत्साह ओसरला. मध्य युरोपात सोयाबीन पुढची अनेक दशकं कुतूहलाचं पीक राहिलं.

असं का झालं असावं? एक कारण सरळ आहे. माणूस गेला की त्याचं काम थांबतं. पण त्याहून खोल अशी तीन कारणं होती, आणि त्यांतली दोन त्या काळी कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

पहिलं कारण मुळांत होतं. द्विदल झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, हे हेलरीगल या जर्मन संशोधकाने १८८६ साली जाहीर केलं. म्हणजे हाबरलांट गेल्यानंतर आठ वर्षांनी. त्यात पुन्हा सोयाबीनला त्याचेच जिवाणू लागतात. वाटाण्याचे चालत नाहीत. नव्या मुलखाच्या मातीत ते नसतातच. आपला शेतकरी पेरणीआधी बियाण्याला जिवाणूंचं कल्चर चोळतो, ते यासाठीच. हाबरलांटच्या मित्रांनी बी टपालाने मागवलं; पण त्या बियाचा मातीतला सोबती त्या पाकिटातून येण्याची खात्री नव्हती.

दुसरं कारण घड्याळाचं. हे कळायला १९२० साल उजाडावं लागलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ व्हर्जिनियात काम करत होते. त्यांनी 'बिलॉक्सी' नावाचं सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं. अपेक्षा अशी की आधी पेरलेलं आधी फुलेल. झालं भलतंच. लवकर पेरलेलं झाड उंच वाढत राहिलं, उशिरा पेरलेलं बुटकंच राहिलं, आणि फुलं मात्र सगळ्यांना सप्टेंबरच्या सुमारास आली. मग त्यांनी झाडं दिवसातले काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिली आणि फुलोरा लवकर आणला. सोयाबीन दिवस मोजतं. खरं सांगायचं तर रात्र मोजतं, हे पुढे १९३० च्या दशकात अधिक स्पष्ट झालं. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलतं.

आता हे नकाशावर मांडून बघा. नागपूरला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच असतो. स्वीडनमधल्या नॉर्शपिंगला तो अठरा तासांहून मोठा असतो. दक्षिणेकडचं सोयाबीन तिथे पेरलं तर ते सबंध उन्हाळा फुलायचं थांबून राहणार. रात्र लांब होईपर्यंत सप्टेंबर येणार आणि मागोमाग हिमकण. म्हणजे थंड मुलखातली अडचण नुसती थंडीची नव्हती. माती दहा अंशांखाली असेल तर बी कुजतं, फुलोऱ्यात गारठा पडला तर फुलं गळतात, हे सगळं खरंच. पण त्याच्या वरताण म्हणजे उत्तरेकडचा लांब उजेड. शेतकऱ्याला वाटायचं, ऊन कमी पडलं. आणि झाड तर जास्त उजेडामुळे अडून बसलेलं!

तिसरं कारण माणसाच्या मनात होतं. हाबरलांटना आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेकांना हवा होता तो वाळलेला दाणा: स्वस्त, सकस, साठवता येणारा. त्यामुळे 'पिकलं का?' या प्रश्नाचा एकच अर्थ होता. दाणा कडक झाला का? नाही? मग प्रयोग फसला. आता विचार करा, हिरवी शेंग भाजीसाठी तोडायची असेल, तर ती पूर्ण पिकण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तोडावी लागते. थंड हवेत त्याहूनही आधी. थंड मुलखात घात करतात ते नेमके हेच शेवटचे आठवडे, कारण तेव्हा झाडाला कोरडं ऊन हवं असतं आणि आभाळातून पाऊस नाहीतर हिमकण येतात. व्हिएन्नात जे वाण 'पिकले नाहीत' म्हणून बाद झाले, त्यांतल्या काहींच्या शेंगा भाजीसाठी भरल्याही असतील. पण ते पाहायला हवं असं कोणाला वाटलंच नाही. ज्याला नाव नाही ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणतात ते असं.

हिरव्या शेंगेकडे पश्चिमेचं लक्ष नीट गेलं ते १९२९ नंतर. अमेरिकेच्या कृषी खात्याने डॉर्सेट आणि मोर्स या दोघांना पूर्व आशियात पाठवलं. १९३१ पर्यंत ते जपान, कोरिया, मांचुरिया आणि चीनमध्ये हिंडले आणि सोयाबीनचे सुमारे साडेचार हजार नमुने घेऊन आले. त्यांत मोठ्या दाण्याचे, खास हिरवे खाण्याचे वाणही होते. जपानच्या उत्तरेकडचं, बर्फाचं होक्काइदो बेटही त्यांनी पाहिलं. पुढे इलिनॉय विद्यापीठाने १९३९ मध्ये खाण्याजोग्या १८ वाणांची एक पुस्तिका काढली. कोणता वाण कधी येतो, कोणता चवीला बरा, असं सगळं त्यात होतं. महायुद्धात मांसाचा तुटवडा पडला तेव्हा परसबागेत हे पीक लावा असा प्रचारही झाला. युद्ध संपलं, मांस परत आलं आणि हिरवं सोयाबीन विस्मरणात गेलं. वाळलेलं सोयाबीन मात्र तेल आणि पेंड म्हणून अमेरिकाभर पसरलं. याच काळात आपल्याकडेही एक प्रयोग झाला होता. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन आहारात घेऊन पाहिलं आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. तोही वाळलेल्या दाण्याचाच.

अमेरिकेतली ही गोष्ट टंचाईची होती. गरज म्हणून आणलेलं अन्न गरज संपल्यावर ताटातून उठतं. शिवाय शेंगा हाताने तोडायच्या म्हणजे मजुरी, आणि तोडल्यावर गोडवा झपाट्याने उतरतो म्हणून घाई. म्हणजे आपल्या तीन टप्प्यांपैकी दुसरा, खाण्याचा, तिथे गाठला गेला आणि निसटलाही. आता तिसऱ्या टप्प्याकडे, म्हणजे बियाकडे येऊ. त्यासाठी परत स्वीडनला, नॉर्शपिंगला जावं लागेल.

नॉर्शपिंगमध्ये होल्मबर्ग नावाच्या घराण्याची बियाण्यांची पेढी होती. त्यातले स्वेन होल्मबर्ग हे पीकपैदासकार. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी एकच ध्यास घेतला: स्वीडनमध्ये पिकेल असं सोयाबीन करायचं. साधारण ५८ अंश उत्तर अक्षांशावर! दक्षिणेकडचे वाण हळूहळू उत्तरेला सरकवण्याऐवजी त्यांनी पूर्वेच्या अगदी उत्तर टोकाकडे पाहिलं. जपानचा उत्तर भाग आणि सखालिन बेट, तिथलं बियाणं त्यांनी मिळवलं, त्यांचे संकर केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. त्यातून जे वाण निघाले त्यांना पेढीच्या शेताचं नाव मिळालं: 'फिस्केबी'. या झाडांना दिवसाच्या लांबीचं फारसं सोयरसुतक नाही. अठरा तासांच्या उजेडातही ती वेळेवर फुलतात, आणि गारठ्यात इतरांहून जास्त तग धरतात. १९७३ साली होल्मबर्गनी थंड समशीतोष्ण हवामानासाठीच्या सोयाबीनवर आपल्या कामाचा निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ एकाच प्रश्नाला दिलेला.

पण याचं सगळं श्रेय होल्मबर्गना देऊन चालणार नाही. गेल्या काही दशकांत सोयाबीनच्या फुलोऱ्याची वेळ ठरवणारी जनुकं सापडली आहेत. उजेड ओळखणारं असं एक जनुक बंद पडलेले वाण मुख्यतः जपानच्या उत्तर भागातल्या जुन्या गावठी बियाण्यांत आढळतात. याचा अर्थ काय? होक्काइदो-सखालिनच्या बाजूला कोण्या अनाम शेतकऱ्यांनी, जनुक हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी, दरवर्षी लवकर पिकलेल्या झाडांचं बी बाजूला काढून ठेवलं होतं. सगळं शिवार हिरवं असताना एक झाड पिवळं पडलेलं दिसलं, ते उपटून घरी नेलं, गाडग्यात बी ठेवलं. एवढंच. होल्मबर्गचं मोठेपण असं की या मंडळींनी सोडवलेलं गणित त्यांनी ओळखलं आणि पुढे नेलं.

आणि ते अजून पुढे गेलं. होल्मबर्गच्या कामातलीच ८४०-७-३ ही स्वीडिश वंशावळ कॅनडातल्या ओटावाच्या संशोधन केंद्रात पोचली. तिथे 'हॅरोसॉय ६३' या वाणाशी तिचा संकर करून १९७६ मध्ये 'मेपल ॲरो' हा वाण आला, आणि कॅनडातल्या सोयाबीनची हद्द उत्तरेकडे सरकली. सखालिनच्या बाजूचं बी, स्वीडनचं शेत, कॅनडाची शिवारं. बियांचे प्रवास असे असतात. त्यांना राजधान्यांमधून जावं लागत नाही.

आता हिरवी शेंग यात कुठे आली? आज ब्रिटनमध्ये किंवा उत्तर युरोपात ज्या हौशी माळ्याला परसात एदामामे लावायचं असतं, त्याला बियाण्यांच्या यादीत 'फिस्केबी ५' हे नाव भेटतं. दाणा जपानी भाजीच्या वाणांइतका टपोरा नाही, पण शेंगा भरतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या उकडून खाताना सहज चार झाडं तशीच उभी ठेवता येतात. ती वाळतात. पुढच्या वर्षीचं बी घरातच तयार होतं.

आमच्या मते सगळ्या कहाणीचं मर्म या चार झाडांत आहे. बटाट्याचं बरं असतं. जो कंद खायचा, तोच पेरायचा. खाणं आणि बी एकाच अवस्थेत. हिरव्या शेंगेचं तसं नाही. जो दाणा आपण गोड लागतो म्हणून खाल्ला, तो कधीच बी होणार नाही. दाण्याच्या दोन पूर्णता आहेत, ताटातली आणि मातीतली, आणि एक साधली की दुसरी जाते. आपल्या दर्शनांत बीजांकुर न्याय सांगतात: बीजातून अंकुर, अंकुरातून पुन्हा बीज, आधी कोण ते सांगता येत नाही. वर्तुळ आहे ते. हिरवी शेंग खाणं म्हणजे हे वर्तुळ मध्येच तोडणं. ते तोडायला हरकत नाही, हुरड्यात आपणही तोडतोच. पण कोणीतरी, कुठेतरी ते पुरं करत असलं पाहिजे.

म्हणून थंड मुलखात भाजीचं सोयाबीन आणताना दोन वाटा निघतात. पहिली वाट सोपी. लांबच्या उबदार मुलखात पिकवलेलं बी दरवर्षी विकत घ्यायचं, फक्त हिरव्या अवस्थेपर्यंत वाढवायचं आणि तोडायचं. उन्हाळा आखूड असला तरी चालतं. पण दरवर्षी हात पसरावा लागतो. बी देणाऱ्याने हात आखडला की पीक संपलं. त्याहून सोपी वाट म्हणजे पीकच नको, गोठवलेली पिशवी आणू. तैवानने १९७० च्या दशकापासून गोठवलेल्या हिरव्या शेंगा जपानला पाठवायला सुरुवात केली, पुढे चीनही त्यात उतरला. अमेरिकेत आज खाल्ल्या जाणाऱ्या एदामामेत मोठा वाटा अशाच आयात पिशव्यांचा आहे. १९९० च्या दशकात तिथल्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्याच्या गार हवेत, विद्यापीठाने या पिकाच्या चाचण्या घेतल्या, आणि २००१ मध्ये टॅकोमा शहरात भाजीच्या सोयाबीनवर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. पीक तिथे येतं हे दिसलं. तरी मजुरी आणि स्वस्त पिशवी यांच्याशी झगडा आहेच.

दुसरी वाट होल्मबर्गची, आणि त्यांच्याआधीच्या त्या अनाम शेतकऱ्यांची. आधी बी पिकेल असं झाड शोधायचं, मग हवं तर हिरवं खायचं. ही वाट तीस-चाळीस वर्षं घेते. पण तिच्या शेवटी शेतकरी मोकळा असतो. एखाद्या वर्षी हिमकण लवकर आला तर शेंगा हिरव्याच तोडून विकता येतात. ऊन चांगलं पडलं तर काही वाळवून बी ठेवता येतं. ज्याच्याकडे दोन्ही अवस्था आहेत, त्याच्याकडे निवड आहे.

हे सगळं आपल्याला का सांगायचं? भाजीचं सोयाबीन आता आपल्याकडेही येतं आहे. रांचीच्या केंद्रीय संशोधन केंद्राने 'स्वर्ण वसुंधरा' नावाचा असा वाण दिला आहे. आपल्याकडे थंडीची अडचण नाही, पण प्रश्न तोच राहील. पीक आलं की आपण विचारतो, एकरी किती निघालं? भाव काय? चवीला कसं आहे? हे विचारावंच. पण त्याबरोबर आणखी एक विचारायला हवं: याचं बी कोणाच्या शेतात पिकतं? त्याचं उत्तर 'आमच्या' असं येत नाही, तोवर ते पीक आपल्याकडे पाहुणं आहे. पाहुण्याचं आदरातिथ्य जरूर करावं. मात्र तो घरचा झाला असं समजू नये.

हाबरलांटच्या चार वाणांपासून स्वीडनच्या परसातल्या चार झाडांपर्यंत शंभर वर्षांचं अंतर आहे. ते काटलं गेलं ते जास्त खत-पाण्याने नाही. एका बाजूला झाडाचं घड्याळ समजलं, आणि दुसऱ्या बाजूला बाजूला काढून ठेवलेलं बी कोणीतरी जपलं. पुढच्या वेळी आपण टोमॅटोकडे वळू. त्याला तर युरोपात बरीच वर्षं लोक विषारीच समजत होते.

आज इथे थांबतो.